तिसरा हात

चष्म्याची काडी तुटली होती, ती बसवून घ्यायची आणि येताना वहिनींचे डोळ्यांचे थेंब आणायचे, एवढ्याच कामासाठी कात्रीबाई त्या सकाळी बाहेर पडणार होत्या. पायात चपला सरकवल्या आणि फोन वाजला. स्टुडिओतून होता. जुन्या अंतराळवाल्या चित्रपटाच्या आवाजाची रिळं गोदामात सापडली आहेत, डब्यांवरच्या खुणा कुणाला लागत नाहीत, तुम्ही येऊन सांगाल का?

"सांगेन की," बाई म्हणाल्या. "खुणा माझ्याच आहेत."

कात्रीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. उभं आयुष्य फिल्म कापण्यात आणि जोडण्यात गेलं, म्हणून ते पडलं. जीभही त्याच धारेची आहे असं स्टुडिओतले लोक म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. बाईंचे दादा गेल्यापासून या दोघी नणंद-भावजया एका घरात राहत होत्या. दिवसभर एकमेकींच्या चुका काढायच्या आणि एकीला शिंक आली की दुसरीनं पाणी तापवायचं, असा संसार. वहिनींची नजर विझत चालली होती. समोरचं दिसेनासं झालं होतं. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं त्या जग पाहत. पाहायचं ते लवकर पाहून घ्या, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

"वन्सं, तोच ना हो तो चित्रपट? यांचा?"

"तोच. पुन्हा थिएटरात लावणार आहेत म्हणे."

"मग या वेळी तरी नाव घालतील?" वहिनींनी मान तिरकी केली. "मला ते एकदा पडद्यावर बघायचंय. मोठ्या अक्षरांत. मग मेले हे डोळे गेले तरी माझं म्हणणं नाही."

"न घालायला काय झालं? घालायला लावते," बाई म्हणाल्या. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधली आणि निघाल्या.

आता ते नाव का नव्हतं, हे सांगायला हवं. आणि सांगताना माझंही डोकं फिरतं, ते आधीच सांगून ठेवतो.

दादा संगीत करायचा. पण पेटी नाही, सतार नाही. त्याचं यंत्र होतं, कपाटाएवढं. अंगभर भोकं, त्यांत रंगीत वायरी खुपसायच्या. खाली धातूच्या सपाट पट्ट्या. त्यांच्यावर बोटाची कातडी टेकली तरच आवाज निघे. पेन्सिल लावा, चमचा लावा, यंत्र ढिम्म. त्याला जिवंत माणसाचं बोट लागायचं. शिवाय त्याला आठवण नव्हती. जुळवलेली वायर काढली की तो आवाज गेला, पुन्हा तसाच मिळेल याची हमी नाही. थंड असताना सूर खाली पडलेला असे. यंत्र तापत जाईल तसतसा चढत चढत जागेवर येई. तोवर दादा हात मांडीवर ठेवून थांबे. धाकट्या बहिणीला म्हणे, "घाई करू नकोस चिमे. त्याला जाग येतेय."

आणि एक बटण होतं. मोठं, काळं, कडेला खोल खाचा असलेलं. आवाजावरचं झाकणच म्हणा ना. बंद असलं की आवाज जाड गोधडीखालून आल्यासारखा. हळूहळू फिरवलं की तो उघडत, उजळत जाई. दादाचे दोन्ही हात पट्ट्यांवर गुंतलेले, म्हणून ते फिरवायला तिसरा हात लागे. तो कात्रीबाईंचा, डावा. फिल्म कापायच्या पात्यानं त्यांच्या डाव्या तर्जनीचं पेर एकदा कापलं होतं, ते नीट वळत नसे. त्यामुळे बटण अर्ध्यावर आलं की हात क्षणभर अडे आणि आवाजही तिथे अडे, मग पुढे जाई. बाई ओशाळायच्या. दादा म्हणे, "राहू दे. तिथेच तर कळतं की आत माणूस आहे." पण म्हणून एका खेपेत कधी सोडलं नाही हं त्यानं. "चिमे, अजून एकदा." हे ठरलेलं. संध्याकाळी बाई जेवायला बसल्या तरी अंगठ्यावर आणि बोटावर त्या खाचा उमटलेल्या असत.

चित्रपट होत आला आणि स्टुडिओतले वादक बिथरले. वायरी खुपसणारा संगीतकार होणार असेल तर दिवे दुरुस्त करणाऱ्यालाही गवई म्हणा, असं त्यांचं म्हणणं. हे यंत्र इमारतीत असेल तर आम्ही वाद्याला हात लावणार नाही. झालं! थोरले मालक घाबरले. दादाचं नाव चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाटीवरून काढलं आणि तिथे काय लिहिलं, तर 'आवाज : यंत्रविभाग'. अहो, यंत्रविभाग नावाचा विभागच नव्हता स्टुडिओत! आवाज घ्यायच्या वरच्या खोलीच्या कोपऱ्यात एक माणूस होता आणि त्याच्या शेजारी उभी त्याची बहीण. बाई तेव्हा मालकांच्या खोलीत जाऊन इतक्या भांडल्या की खाली रस्त्यावर लोक थांबले. उपयोग शून्य. वादकांची खात्री पटावी म्हणून थोरल्या मालकांनी यंत्र अंगणात ओढून आणवलं आणि स्वतःच्या हातानं, लोखंडी पहार घेऊन, फोडलं.

शेवटच्या प्रसंगाचं संगीत तेवढं व्हायचं राहिलं होतं. यानात एकटी उरलेली प्रवासी बाहेरचा दरवाजा उघडते आणि काळोखात पाऊल टाकते, तो प्रसंग. तिथे घाईघाईनं व्हायोलिनं चिकटवली. दादा त्यानंतरही रोज वरच्या खोलीत जाऊन रिकाम्या कोपऱ्यासमोर बसायचा. एके दिवशी तो तिथेच सापडला, खुर्चीत ताठ, दोन्ही हात पुढे, हवेत पट्ट्यांवर ठेवल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, हृदय. बाई म्हणाल्या, हृदय कसलं डोंबलाचं, अपमानानं गेला माझा भाऊ.

तर त्या सकाळी बाई स्टुडिओत पोचल्या. थोरले मालक जाऊन वर्षं झाली होती. धाकटे मालक आता पन्नाशीचे, केस पांढरे, तरी सगळे त्यांना धाकटेच म्हणत. बाई त्यांना एकेरीतच हाक मारत, कारण ते लहानपणी बाईंच्या टेबलाखाली फिल्मच्या तुकड्यांत लोळायचे.

"बाई, चित्रपट नवाकोरा करून लावतोय," धाकटे मालक खुशीत होते. "चित्र साफ केलंय. आणि ती जुनी पींपीं काढून टाकतोय. अख्खा वाद्यवृंद बसवलाय मी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पींपीं?"

"रागावू नका. पण आजची माणसं हसतात हो त्याला."

"गाढवाला गुळाची चव काय!" बाईंनी पिशवी टेबलावर आपटली. "अरे, व्हायोलिन ऐकलं की मला माणूस दिसतो. कोट घातलेला, खुर्चीत बसलेला, बाजूला पाण्याचा पेला. बासरीत फुंकणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. जिथे हवाच नाही तिथे फुंकणार कोण, तुझा वाद्यवृंद? दादाचा आवाज कुठून येतो ते कळत नाही. पुढून नाही, मागून नाही. खोली नाही, भिंत नाही, कुणी नाही. आणि तरी त्यात थोडी थरथर आहे बघ. यंत्र तापतं, सूर किंचित हलतो. सगळ्या त्या काळोखात तेवढीच ऊब. तू म्हातारा झालास, पण तुझे कान काही मोठे झाले नाहीत."

धाकटे मालक हसले. मोठ्यांचं बोलणं कानाआड करायची त्यांना सवय होती.

"बरं, नावाचं काय?" बाईंनी विचारलं. "दादाचं नाव घालणार ना?"

"नाव कशाचं घालू? त्यांचं संगीत तर ठेवतच नाही आपण."

ऐकलंत? आधी नाव द्यायचं नव्हतं म्हणून ते संगीत नव्हतंच. आता संगीत राहणार नाही म्हणून नाव नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. बाई ताडकन उठून निघूनच जायच्या, पण डोळ्यांपुढे वहिनींची ती तिरकी मान आली आणि त्या बसून राहिल्या. निघून गेलो तर इथे भांडायलाही कुणी उरणार नाही, हे त्यांना कळत होतं.

संवादांची रिळं वेगळी होती, संगीताची वेगळी. त्यामुळे संगीत काढणं सोपं. पण अडचण दुसरीच आली. संवाद संपला की पुढचा सुरू होईपर्यंत त्या रिळावर काहीच नसतं, अगदी मेलेली शांतता. तशीच ठेवली तर प्रेक्षकाला कानांत बोळे बसल्यासारखं वाटतं. कारण रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. भिंती, लाकूड, हवा, यांचा मिळून एक बारीक सूर. ज्या खोलीत संवाद घेतले तिथलीच शांतता ध्वनिमुद्रित करायची आणि ती या फटींत भरायची, ही या धंद्यातली जुनी रीत. संवाद घेतले होते वरच्या खोलीत. आणि वरची खोली जशीच्या तशी होती.

म्हणजे बघा, माणसाचं संगीत पुसायला निघाले आणि त्यासाठी शांतता मागितली ती त्याच्याच खोलीची.

हे काम कानसेनकडे होतं. स्टुडिओचा ध्वनिमुद्रक. कान असा की पलीकडच्या गल्लीत नळ गळत असला तर सांगेल. त्यावरून हे नाव. अंगानं जाडजूड आणि दम्याचा विकार.

"बाई, या खोलीची शांतता घ्यायची तर आधी मलाच बाहेर काढायला हवं," तो हसत म्हणाला. "माझा भाता सारखा चालू."

त्यानं खोलीच्या मधोमध मायक्रोफोन उभा केला, पंखा बंद केला, दार लावलं. दोघं शेजारच्या काचेच्या खोलीत बसले. काचेतून वरची खोली पूर्ण दिसत होती. भिंतींना करड्या गाद्या, जमिनीवर विटका गालिचा, आणि तो कोपरा. बाहेर टळटळीत दुपार असेल, पण या खोल्यांना खिडकी नसते. तिथे दिवस कसला आणि रात्र कसली. लाल दिवा लागला.

कानसेननं कानांवर हेडफोन चढवले. थोड्या वेळानं कपाळाला आठी पडली.

"काहीतरी घुमतंय."

"पंखा?"

"बंद केलाय की." त्यानं वायरी तपासल्या, मायक्रोफोन बदलला, पुन्हा सगळं सुरुवातीपासून केलं. ऐकलं. या वेळी तो हसला नाही. हेडफोनचा दुसरा जोड त्यानं बाईंपुढे सरकवला.

बाईंनी तो चढवला. खूप खाली, जवळजवळ पोटात जाणवेल असा एक सूर होता. जाड, झाकलेला. वीज घुमते तसाच. कुणालाही तसंच वाटलं असतं.

"आधीच्या वेळीही इथेच होता का रे?" बाईंनी हळूच विचारलं. "की चढलाय?"

कानसेननं जुनं वाजवून पाहिलं, मग नवं. ओठ चाटले.

"चढलाय... वीज अशी चढत नाही, बाई."

"अजून एकदा घे."

त्यानं घेतलं. सूर आणखी वर आला होता. अजून जागेवर नव्हता, पण निघाला होता. आणि मग काचेच्या बंद खोलीत तो वास आला. तापलेल्या धुळीचा. खूप दिवस बंद असलेली शेगडी पेटवली की येतो तसा, आणि त्यात थोडं झाळलेलं कथील. बाईंना हा वास ओळखायला क्षणभरही लागलं नाही. तरुणपणी तो त्यांच्या केसांतून जात नसे.

"बंद करू?" कानसेननं बटणाकडे हात नेला.

"नको... त्याला जाग येतेय."

बाई उठल्या आणि दार उघडून वरच्या खोलीत गेल्या. नुसत्या कानांना तिथे काहीही ऐकू येत नव्हतं. जे होतं ते फक्त मायक्रोफोनला ऐकू येत होतं. त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. तिथली हवा ऊन होती, कुणी नुकतीच इस्त्री बाजूला ठेवली असावी तशी. बाईंना भीती वाटायला हवी होती, पण आधी आला तो राग.

"इतकी वर्षं लागली होय रे, दादा?" त्या पुटपुटल्या. काचेपलीकडे कानसेननं दोन्ही हातांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि तो त्यांच्याकडे बघत मागे सरकला.

दोघं धाकट्या मालकांना हे सांगायला गेले तर ते भडकले. "जुन्या इमारतीत घुमतंच. तेवढं गाळून टाक, आणि काम पूर्ण कर." कानसेननं गाळलं. गाळलं तसं ते गेलंही. शांतता स्वच्छ झाली, संवादांच्या फटींत बसली, वर वाद्यवृंदाचं संगीत चढलं, आणि पुढच्याच आठवड्यात धाकट्या मालकांनी सगळा चित्रपट स्टुडिओच्या छोट्या थिएटरात लावून बघायचं ठरवलं. हे थिएटर तळमजल्यावर, बरोबर वरच्या खोलीखाली. सकाळची वेळ. धाकटे मालक मधल्या खुर्चीत, कानसेन मागे आपल्या बटणांपाशी, आणि एका कडेला कात्रीबाई, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण अडवणार कोण?

चित्रपट सुरू झाला. 'आवाज : यंत्रविभाग' ही पाटीही आता नव्हती. तिथे वाद्यवृंदाच्या प्रमुखाचं नाव, ठसठशीत. आयत्या बिळावर नागोबा.

पहिला भाग बरा गेला. मग वाद्यवृंद बेसूर वाटायला लागला. चुकत कुणीच नव्हतं. पण त्यांच्या खाली कुठेतरी दुसरा एक सूर होता, दोन स्वरांच्या मधला, आणि त्याच्यापुढे ती सगळी वाद्यं उघडी पडत होती.

"शांततेत काय ठेवलंयस तू?" धाकटे मालक मागे वळून ओरडले.

"शांतताच आहे... मी स्वतः साफ केलीये."

"मग ती काढ."

कानसेननं शांतता काढली. सूर राहिला.

"वाद्यवृंद काढ."

त्यानं वाद्यवृंद काढला. आता पडद्यावरच्या माणसांच्या बोलण्याखाली तो सूर एकटाच चढत होता.

"सगळं बंद कर!"

"बंद आहे..."

"भोंग्यांची वीज काढ म्हणतो मी!"

"काढलीये हो..." कानसेननं वायर हातात धरून दाखवली. तो रडकुंडीला आला होता. "हे इथून येतच नाहीये. हे... वरून येतंय."

धाकटे मालक छताकडे बघत राहिले. मग चिडून उठले. "कोण चावटपणा करतंय बघतोच," म्हणत जिना चढून गेले. आवाज बापाचा होता, चालही बापाचीच.

पडद्यावर ती एकटी प्रवासी दरवाजाजवळ पोचली होती. तिनं हात दांड्यावर ठेवला. आणि वरचा सूर जागेवर आला.

मग जे वाजलं ते बाईंनी कधीच ऐकलेलं नव्हतं. कुठल्याच रिळावर ते नव्हतं. पण पहिल्या स्वरापासून त्यांना कळलं की हे कशासाठी आहे. राहिलेला शेवट. सुरुवातीला गोधडीखाली दडलेला, मग हळूहळू झाकण उघडू लागलं, काळोख मोठा होत गेला, त्याला कडा राहिली नाही, आणि त्या अफाट काळोखात एक बारीक थरथर, एवढीशी, ऊन. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. किती सुंदर केलंय रे! आणि हे फोडलं त्यांनी, पहारीनं!

झाकण अर्ध्यावर आलं.

आणि अडलं. क्षणभरच. मग पुढे गेलं.

बाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं. त्यांनी सावकाश खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही हात पिशवीवर होते. डावाही. हललेला नव्हता.

वर एकदम शांत झालं. जिन्यावर पावलं वाजली, मंद, एकेक पायरी चाचपत आल्यासारखी. धाकटे मालक दारात उभे राहिले. उजवं मनगट त्यांनी डाव्या हातात घट्ट धरलं होतं.

"नाव घाला," ते म्हणाले.

"कोण होतं वर?" कानसेननं विचारलं.

"कोणी नाही... खोली रिकामी आहे. मी कोपऱ्यात हात घातला... बघायला." ते थांबले. "दोन हात होते तिथे. दिसत नव्हते, पण... पट्ट्यांवर होते. ते थांबले नाहीत. माझा हात बाजूला केला तो... तिसऱ्यानं."

"तिसऱ्यानं?" बाईंना आपलाच आवाज ओळखू आला नाही.

"बाईमाणसाचा असावा. एक बोट..." धाकट्या मालकांनी मनगट चोळलं. "एक बोट वळत नव्हतं त्याचं."

बाईंनी डावा हात पिशवीत घातला आणि तिथेच ठेवला.

वरचा मायक्रोफोन त्या दिवशी कानसेनकडून चालूच राहिला होता. सगळं त्यात उतरलं होतं, स्वच्छ, पहिल्या स्वरापासून शेवटापर्यंत. वाद्यवृंद गेला. दादाचं जुनं संगीत परत आलं, आणि शेवटच्या प्रसंगाला ते नवं बसलं. लोकांनी विचारलं हे कुठे मिळालं, तर गोदामात मिळालं असं धाकटे मालक सांगत. बाईंनी कुणालाच काही सांगितलं नाही, वहिनींनाही नाही. जे हवं होतं ते मिळत होतं. मग उगाच खोलात कशाला जायचं?

दुपारच्या खेळाला त्या वहिनींना घेऊन गेल्या. मोठं थिएटर, माणसं भरलेली. आवाजावर लक्ष ठेवायला कानसेनही आला होता. दिवे गेले. वहिनींनी मान तिरकी केली आणि बाईंचा उजवा हात धरून ठेवला. पाट्या येऊ लागल्या, एकेक. मग आली ती.

वहिनी कडेकडेनं शोधत होत्या, अक्षरामागून अक्षर.

"वर 'संगीत' लिहिलंय ना हो?"

"लिहिलंय."

"यंत्रविभाग नाही ना?"

"नाही, वहिनी. नाव आहे. पूर्ण नाव."

"दिसलं," वहिनी म्हणाल्या. "दिसलं हो मला." आणि पाटी गेल्यावरही बराच वेळ त्या तिकडेच बघत राहिल्या. जन्मभर त्या यंत्राला त्या मेली कुईकुई म्हणत आल्या होत्या. त्या दुपारी मात्र एक शब्द न बोलता त्यांनी सगळं ऐकलं.

शेवटी दरवाजा उघडला, झाकण उघडत गेलं, अर्ध्यावर अडलं, पुढे गेलं. मग दिवे लागले आणि लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. दादा, झालं बरं का, त्या मनात म्हणाल्या. आता तरी निवांत हो.

गर्दी ओसरेपर्यंत दोघी बसून राहिल्या. उठताना आधाराला म्हणून वहिनींनी समोर उभ्या राहिलेल्या बाईंकडे हात पुढे केला आणि त्यांचा डावा हात धरला. नजर कमी झाल्यापासून त्या बोटांनीच पाहत. त्यांची बोटं बाईंच्या अंगठ्यावरून फिरली, तर्जनीवर गेली आणि थांबली.

"वन्सं, ह्या खाचा कसल्या हो?"

बाईंनी हात ओढून घेतला नाही. ओढता आला नाही.

"आणि हात केवढा तापलाय तुमचा..." वहिनी म्हणाल्या.

पडदा पांढरा होता. कानसेन पुढे येऊन भोंग्यांची वीज स्वतःच्या हातानं काढत होता, आणि काढता काढता तो तसाच वाकलेला थांबला. कारण रिकाम्या थिएटरात, खूप खाली, पोटात जाणवेल असा तो सूर पुन्हा सुरू झाला होता. पार थंड, अगदी पहिल्यापासून, अजून एकदा. आणि वहिनींच्या हातात बाईंचा डावा हात सावकाश वळायला लागला.